घरतपासणीत उपकरणांचे काय होते : डॅलसजवळील एका सेवेचे परीक्षण

मागच्या मार्चमध्ये आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात १९९४ साली बांधलेले घर विकत घेतले आणि खरेदीपूर्व तपासणीसाठी एका परवानाधारक इन्स्पेक्टरची सेवा घेतली. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांनी २,४०० चौरस फुटांच्या घरासाठी ४७५ डॉलर घेतले, साडेतीन तास काम केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५८ पानांचा अहवाल पाठवला. छप्पर, पाया, वीज आणि नळजोडणी यांविषयीचे त्यांचे काम चोख होते, त्यामुळे त्यावर येथे फारसे लिहीत नाही. लिहायचे आहे ते उपकरणांविषयी, कारण अहवाल हाती येताच आम्ही नवराबायकोने सर्वांत आधी तेच प्रकरण उघडले आणि सर्वांत चुकीचे वाचले तेही तेच. इन्स्पेक्टरचे नाव देण्याचे टाळतो, कारण ज्या त्रुटी मला जाणवल्या त्यांतल्या निम्म्या त्यांच्या आहेत, निम्म्या पद्धतीच्या आणि एक-दोन आमच्या स्वतःच्याही.

टेक्सासमध्ये घरतपासणी करणाऱ्याला टेक्सास रिअल इस्टेट कमिशनचा परवाना लागतो आणि अहवालही कमिशनने ठरवून दिलेल्या नमुन्यातच द्यावा लागतो. (कॅलिफोर्नियात या कामाला राज्याचा परवानाच लागत नाही, हे तिथे राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने सांगितले तेव्हा मला प्रथम खरे वाटले नव्हते.) त्या नमुन्यात बांधकाम, वीज, हवा गरम-थंड करणारी यंत्रणा आणि नळजोडणी यांच्यानंतरचे पाचवे प्रकरण उपकरणांचे असते. प्रत्येक नोंदीपुढे चार चौकटी असतात : ‘आय’ म्हणजे तपासले, ‘एनआय’ म्हणजे तपासले नाही, ‘एनपी’ म्हणजे ती वस्तू घरात नाही, आणि ‘डी’ म्हणजे सदोष. आमचा गोंधळ झाला तो ‘आय’ या पहिल्याच चौकटीपाशी. तिच्यात खूण दिसली की वस्तू उत्तम आहे असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या खुणेचा अर्थ एवढाच, की नेहमीच्या वापरातली बटणे फिरवून यंत्र चालू केले आणि नियमात लिहिलेले दोष त्यात त्या दिवशी आढळले की नाही ते पाहिले. ते यंत्र आणखी किती वर्षे टिकेल, हे सांगण्याचे बंधन इन्स्पेक्टरवर नाही. यंत्र उघडून पाहणे, ओव्हनचा स्वतःला साफ करण्याचा कार्यक्रम चालवणे, मायक्रोवेव्हमधून लहरी बाहेर पडतात का ते मोजणे, यांतलेही काही त्याच्या कर्तव्यात मोडत नाही.

यादीत असतात डिशवॉशर, सिंकखालचे, उरलेले अन्न दळणारे डिस्पोजर, शेगडीवरचा धूर ओढणारा हूड, शेगडी आणि ओव्हन, मायक्रोवेव्ह, न्हाणीघरातले पंखे, गॅरेजच्या दाराची मोटर आणि ड्रायरची, म्हणजे कपडे वाळवण्याच्या यंत्राची, हवा घराबाहेर नेणारी नळी. फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र आणि खुद्द ड्रायर यांचा त्या यादीत पत्ता नसतो. आपल्याकडच्या माणसाला हे विचित्र वाटते, पण त्यामागे खरेदीकराराचे तर्कशास्त्र आहे. येथील प्रमाणित करारात घराला कायमच्या जोडलेल्या किंवा भिंतीत-ओट्यात बसवलेल्या वस्तू घराबरोबर विकल्या जातात; भिंतीपासून ओढून बाजूला घेता येणारा फ्रिज मात्र विक्रेत्याची जंगम मालमत्ता ठरतो आणि तो ठेवून घ्यायचा असेल तर करारासोबत स्वतंत्र जोडपत्र करावे लागते. तपासणीची यादी बरीचशी याच रेषेवर चालते. अन्य संघटनांचे नियम आणखी आखडते आहेत : इंटरनॅची या इन्स्पेक्टरांच्या मोठ्या संघटनेच्या कार्यमानकांनुसार तर घरगुती उपकरणे तपासणे किंवा जागची हलवणे हे सदस्याला बंधनकारकच नाही. त्या तुलनेत टेक्सासचा खरेदीदार सुदैवी म्हणायचा.

पहिल्या भेटीतच एक अडचण आली. विक्रेता दोन महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता, आणि त्याने गॅसची जोडणी बंद करून घेतली होती. इन्स्पेक्टरने मीटरकडे एकदा पाहिले आणि शेगडी, ओव्हन, पाण्याचा हीटर आणि घर गरम करणारी भट्टी या चारही नोंदींपुढे ‘एनआय’ लिहिले. बंद केलेला व्हॉल्व्ह उघडणे किंवा विझलेली ज्योत पेटवणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते त्याने करू नये हेच योग्य आहे. पण ही गोष्ट भेट ठरवतानाच दूरध्वनीवर एका वाक्यात विचारता आली असती. त्यांच्या ईमेलमध्ये ‘वीज, पाणी व गॅस चालू असावा’ अशी ओळ होती, हे मी मान्य करतो. ती आम्ही वाचली नव्हती आणि आमच्या एजंटनेही वाचली नव्हती. करारानुसार तपासणीसाठी या सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते, म्हणून गॅस सुरू झाला खरा, परंतु दुसऱ्या भेटीचे १२५ डॉलर आम्हालाच भरावे लागले. शिवाय करार विनाकारण मोडता येण्याची आमची मुदत सात दिवसांची होती आणि ही दुसरी भेट सहाव्या दिवशी झाली.

मात्र त्या दुसऱ्या भेटीत त्यांनी शेगडी-ओव्हनचे जे काम केले, त्यासाठी मी ते १२५ डॉलर पुन्हाही देईन. ओव्हनमध्ये त्यांनी स्वतःचा तापमापक ठेवला, ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १७७ अंश सेल्सिअसवर, ओव्हन लावला आणि तो पुरेसा तापून स्थिर होईपर्यंत थांबले. टेक्सासच्या नियमानुसार या तापमानाला २५ अंशांपर्यंतचा फरक क्षम्य आहे. आमच्या ओव्हनने ३१८ दाखवले, म्हणजे ३२ अंशांची तूट, आणि ‘डी’च्या चौकटीत खूण झाली. नानकटाई कच्ची का राहते, याचे उत्तर अनेक घरांत वर्षानुवर्षे पीठ आणि तूप यांच्या प्रमाणात शोधले जाते, ते येथे वीस मिनिटांत मिळाले. विक्रेत्याच्या एजंटने त्यावर नवा ओव्हन द्यावा लागणार की काय अशी काळजी दाखवली; प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या बहुतेक ओव्हनांत तापमान काही अंश वरखाली करून बसवण्याची सोय असते, तशी यातही निघाली आणि एक पैसाही खर्च न होता फरक जवळजवळ मिटला.

त्याहून मोलाची गोष्ट त्यांनी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे होऊन पाहिली. अखंड उभी रेंज, म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन असे एकच यंत्र, पुढे कलंडू नये म्हणून तिचा मागचा पाय जमिनीला किंवा भिंतीला ठोकलेल्या एका लोखंडी पकडीत अडकवायचा असतो. ओव्हनचे दार उघडून त्यावर एखादे मूल चढले, किंवा कोणी त्यावर जड भांडे टेकवले, तर ही पकड नसलेली रेंज उकळत्या पातेल्यांसकट पुढे येऊ शकते. अमेरिकेत १९९१पासून बनणाऱ्या रेंजना ही पकड बसवण्याची सोय सुरक्षा-मानकांनी सक्तीची केली आहे, आणि पकड यंत्राबरोबरच येते. पण बसवणारा माणूस ती बऱ्याचदा खोक्यातच विसरतो. आमच्याकडे ती नव्हती. आमची धाकटी मुलगी तीन वर्षांची आहे आणि ज्यावर चढता येईल त्यावर चढते. पंधरा-वीस डॉलरांची ती पकड आम्ही घराचा ताबा मिळाल्याच्या दिवशी, सामान उतरवण्याच्या आधी बसवली. यंत्राचे आयुष्य सांगणे आणि यंत्राची बैठक पाहणे यांतले दुसरे काम आपल्याला अधिक हवे होते, हे माझ्या ध्यानात आले ते या जमिनीवर आडव्या झालेल्या माणसाकडे पाहूनच.

हूडच्या बाबतीत मात्र नियमाची चौकट आपल्या स्वयंपाकाला अपुरी पडते. आमच्या शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे आणि त्याच्याच पोटात पंखा आहे, जो खालचा धूर ओढतो, कोळशाच्या गाळणीतून काढतो आणि वरच्या जाळीतून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. अशा, हवा घरातच फिरवणाऱ्या रचनेला नियम दोष मानत नाही. हूडची नळी घराबाहेर न जाता माळ्यावरच संपत असेल तर तो दोष ठरतो, परंतु नळी मुळातच नसेल आणि यंत्र त्याच पद्धतीचे असेल तर ‘आय’ची खूण होऊन विषय संपतो. वायुवीजन पुरेसे आहे की नाही हे ठरवणेही इन्स्पेक्टरच्या कर्तव्यात नाही. त्यांनी अहवालात ‘हवा घरातच फिरवणारा प्रकार, चालू स्थितीत’ असे एक वाक्य लिहिले. ज्या घरात ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या जातात किंवा बोंबील तळले जातात, त्या घराच्या दृष्टीने ते वाक्य म्हणजे सगळ्या घराला ठसका लागण्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी विचारल्यावर मात्र त्यांनी लगेच सांगितले, की शेगडीमागची भिंत बाहेरची आहे आणि यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर आतला पंखा फिरवून बसवून नळी थेट मागे काढता येईल. पुस्तिकेत परवानगी होती आणि मे महिन्यात आम्ही ते काम करून घेतले. अहवाल मुकाट घेऊन न जाता तपासणीच्या वेळी सोबत हिंडावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

डिशवॉशर त्यांनी आल्याआल्या, छपरावर चढण्यापूर्वी, पूर्ण फेरीवर लावला आणि खाली उतरल्यावर त्याखाली ओल आहे का ते पाहिले. ही कामाची आखणी अनुभवी माणसाची होती. ओल नव्हती, पण सांडपाण्याची नळी सिंकखालच्या कपाटाच्या तळावर लोळत होती. ती आधी उंच चढवून मग खाली न आणल्यास सिंकमधले घाण पाणी उलटे फिरून धुतलेल्या भांड्यांत येऊ शकते, म्हणून तेथे ‘डी’. दुरुस्ती एका पट्टीची होती. डिस्पोजर आणि मायक्रोवेव्ह यांविषयी सांगण्यासारखे काही नाही : पहिले फिरले, दुसऱ्यात कपभर पाणी तापले.

गॅरेजमध्ये एक गंमत निघाली, तिला गंमत म्हणवत नाही. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या दाराच्या मोटरला, दाराच्या वाटेत काही आले तर ते उलट वर जावे म्हणून, दोन्ही बाजूंना प्रकाशकिरणाचे डोळे असावे लागतात आणि ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावेत असा दंडक आहे. आधीच्या मालकाने हे दोन्ही डोळे काढून, छताजवळ मोटरशेजारी एकमेकांकडे तोंड करून चिकटपट्टीने बांधून ठेवले होते, जेणेकरून किरण कधीच तुटणार नाही आणि दार कधीच अडणार नाही. विक्रेत्याने ते ताबा देण्यापूर्वी मूळ जागी बसवून दिले.

अहवालाचा सर्वांत वजनदार भाग ठरला तो ड्रायरच्या नळीचा, आणि माझी एक गंभीर तक्रारही तिथलीच आहे. कपडे धुण्याची खोली आमच्या घराच्या मधोमध आहे, त्यामुळे ड्रायरची गरम, दमट, सूतकणांनी भरलेली हवा भिंतीतून माळ्यावर आणि माळ्यावरून छपरावर जाते. छपरावरच्या तोंडाला कोणीतरी पक्षी आत शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावली होती आणि ती जाळी राखाडी सुताने इतकी भरली होती की आरपार काही दिसत नव्हते. अशी जाळी बांधकाम-संहितेला मुळीच मान्य नाही, कारण साठलेले सूत हे सरपणच असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळाच्या अंदाजानुसार निवासी इमारतींत वर्षाला सुमारे २,९०० आगी कपडे वाळवण्याच्या यंत्रांमुळे लागत होत्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण वेळच्या वेळी सफाई न करणे हेच होते.

जाळीची नोंद अहवालात छायाचित्रासह झाली. परंतु माळ्यावरून उतरताना इन्स्पेक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते : नळीची लांबी त्यांच्या नजरेच्या अंदाजाने २८ फूट आहे आणि तिला काटकोनी तीन वळणे आहेत. निवासी बांधकाम-संहितेत ड्रायरच्या नळीला ३५ फुटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा होतात. म्हणजे तीन वळणांनंतर आम्हाला २० फूटच उरत होते. ड्रायर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत अधिक लांबी मान्य असेल तर ती चालते, पण तसा ड्रायर निवडूनच घ्यावा लागतो. हे सगळे तोंडी. लेखी अहवालात लांबीविषयी एक अक्षर नव्हते. मी विचारले तेव्हा त्यांनी नियमावर बोट ठेवले, की नळीचा मार्ग आणि लांबी योग्य आहे का हे ठरवणे टेक्सासच्या कार्यमानकांनी इन्स्पेक्टरवर बंधनकारक केलेले नाही. ते अक्षरशः खरे आहे. पण बंधनकारक नसणे म्हणजे मनाई असणे नव्हे, आणि विक्रेत्याशी बोलणी करताना कागदावर नसलेल्या वाक्याला काडीची किंमत नसते. मी आग्रह धरल्यावर त्यांनी संध्याकाळी एक टिप्पणी जोडून सुधारित अहवाल पाठवला. त्याच दोन ओळींच्या आधारे आमच्या एजंटने विक्रेत्याकडून ६०० डॉलर सोडवून घेतले. ज्या माणसाने जे पाहिले आणि तोंडाने सांगितले, ते त्याने लिहायलाही हवे होते, असे माझे अजूनही म्हणणे आहे.

ड्रायरच्याच संदर्भात एक उपयुक्त नोंद त्यांनी विजेच्या प्रकरणात केली होती, जी मी दुसऱ्या वाचनात पाहिली. घर १९९४चे असल्यामुळे ड्रायरच्या जोडणीला तीन छिद्रे होती. १९९६च्या राष्ट्रीय वीज-संहितेपासून नव्या जोडण्यांना चार लागतात. जुनी जोडणी बांधली तेव्हा नियमाला धरून होती म्हणून तो दोष ठरत नाही, पण भाड्याच्या घरातून चार पात्यांची वायर असलेला ड्रायर घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांना हे आधी कळले तर बरे असते.

आता फ्रिज. विक्रेत्याने तो जोडपत्राद्वारे विनामूल्य मागे ठेवला होता आणि फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आम्ही फार प्रश्न विचारले नाहीत. अहवालात त्याची नोंदच नव्हती. तेथे ‘एनआय’ तरी लिहिलेले असते तर आमच्या डोळ्यांना ते खुपले असते. पण यादीत जागाच नसलेल्या वस्तूची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येत नाही. राहायला आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीच्या दोन फळ्या फुगल्या. फ्रिज ओढून पाहिला, तर बर्फ बनवणाऱ्या कप्प्याला पाणी नेणारी बारीक नळी सांध्यापाशी झिरपत होती आणि भिंतीवरच्या डागावरून ते बरेच दिवस चालले असावे. जमिनीच्या दुरुस्तीला १,१०० डॉलर लागले. पुण्याहून आलेले माझे बाबा म्हणाले, “ज्या वस्तूला घरात सगळ्यांत जास्त हात लागतो, नेमकी तीच सोडली की यांनी!” नियमाच्या दृष्टीने इन्स्पेक्टरचा दोष नाही, कारण जड सामान हलवून त्यामागे पाहण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, आणि आम्ही सही केलेल्या सेवाकरारात, चौथ्या पानावर, ‘सुटी उपकरणे वगळून’ हे शब्द होते. तरीही उभ्या-उभ्या अर्धा मिनिट काढून ‘फ्रिज तुम्ही ठेवून घेणार असाल तर तो एकदा ओढून मागे पाहा’ एवढे सांगणे त्यांना जड नव्हते. ५८ पानांपैकी जवळजवळ वीस पाने सर्वसाधारण सूचनांनी भरलेली असताना हीच सूचना तेवढी नसावी, याचे मला वाईट वाटले.

वातानुकूलन यंत्र आणि पाण्याचा हीटर यांना आपण बोलताना उपकरणे म्हणतो, पण अहवालात ती अनुक्रमे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात असतात. दोन्ही ठिकाणी इन्स्पेक्टरांनी पाटीवरचे उत्पादनवर्ष स्वतःहून टिपले होते. बाहेरच्या यंत्राचे वर्ष २००७ निघाले आणि त्यातला वायू आर-२२ होता, ज्याचे नवे उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२०पासून बंद आहे. यंत्र त्या दिवशी व्यवस्थित थंडावा देत होते म्हणून ‘डी’ नव्हते. तरी किमतीच्या बोलण्यांत आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो याच एका ओळीचा. हीच वर्षे त्यांनी पाचव्या प्रकरणातही लिहिली असती, तर डिशवॉशरचे वय आम्हाला दाराच्या कडेची पाटी स्वतः वाचून शोधावे लागले नसते.

उपकरणांपुरते बोलायचे तर या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन : पाहणीसाठी साडेचार, लेखनासाठी अडीच. ऑगस्टमध्ये माझी बहीण याच भागात घर घेते आहे आणि मी तिला हेच नाव सुचवले आहे. या वेळी मी दूरध्वनीवर आधीच विचारून घेतले : फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र मागून-पुढून पाहण्याचे ते वेगळे ४० डॉलर घेतात, उपकरणांची उत्पादनवर्षे मागितल्यास फुकट लिहून देतात, आणि फ्रिज भिंतीपासून ओढून ठेवण्याचे काम मात्र विक्रेत्याने आदल्या दिवशी करून ठेवलेले असावे अशी त्यांची अट आहे.